उपाशीपोटी

इथे आखातात आल्यावर व्हिसाच्या मेडिकलला मी उपाशीपोटी गेले. रक्त द्यायचं म्हणजे उपाशी, हे आमच्या घरात सत्यनारायणाइतकं ठरलेलं. बौशर भागातल्या तपासणी केंद्रात माझ्या शेजारी युगांडाची एक बाई बसली होती. जवळच्याच अल् घुब्रात एका गुजराती कुटुंबाकडे मुलं सांभाळायची, त्यामुळे हिंदी बोलायची. बाही आधीच कोपरावर दुमडून ती निवांत खजूर खात होती.

"खाके आयी? रिपोर्ट गलत आयेगा," मी म्हटलं.

"दीदी, ये शुगर का टेस्ट नहीं. एचआयव्ही और सिफिलिस का है. खाया कि नहीं, वो नहीं पूछते."

मी आजूबाजूला पाहिलं. ओळखीचं कोणी नव्हतं.

तिने खजूर पुढे केला. मी घेतला. गावी ती धंदा करणाऱ्या बायकांना तपासणीसाठी दवाखान्यात आणायची, असं तिने भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

"किसी को निकलता था?" मी हळूच विचारलं.

"बहुतों को."

"और उनके गिऱ्हाईक?"

तिने बी टिश्यूत ठेवली, टिश्यूची नीट घडी घातली.

"उनको कौन बुलाता है? कोई कोई छोडने आते थे. बाहर गाडी में बैठे रहते."

तेवढ्यात तिचा नंबर लागला. नाव विचारायचं राहिलंच.

रक्त देऊन मी बाहेर आले. नवरा गाडीत एसी लावून बसला होता.

"झालं? चेहरा का असा? तुला काय निघणार आहे!"

मी पट्टा लावला.

"अहो, तुमचं मेडिकल कधी आहे?"