हिंगणा रोडचं रानडुक्कर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दोस्तांच्या बैठकीत नाही, भांडणाच्या भरातसुद्धा नाही. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे अर्ध्या नागपूरला ठाऊक आहे — मग ही एकच बावीस वर्षं कशी राहिली?

आधी गाडीचं सांगतो. बघा — टाळायला लागलोच.

महिनाभर माझी जुनी मोटरसायकल उघडून बसलोय. सायलेन्सरला एवढी भोकं, की त्यातून चहा गाळता येईल. चाकांच्या रिमा पॉलिश पेपरनं घासल्या तर इतका गंज निघाला, की त्यात दुसरी गाडी झाली असती. मुलगी म्हणते, द्या भंगारात. नाही देणार. अजून दहा वर्षं हिच्यावरच फिरायचंय. काहून? तर हिच्या मागच्या सीटवर सुरेश बसायचा.

हिंगण्याच्या कारखान्यात आम्ही एकाच पाळीत होतो. आठ वर्षं जाता-येता तो माझ्या मागे. परतताना माझ्या उजव्या खांद्यावर डोकं टेकून झोपायचा — हेल्मेट तेव्हा कोण घालत होतं? आजही गाडी चालवताना मी जरा पुढे सरकून बसतो. त्याची जागा सोडून. त्या डोक्याचं वजन मला अजून खांद्यावर कळतं, आणि या वाक्यात मी काही वाढवलेलं नाही.

बाकी सगळं वाढवलं. माझं रानडुक्कर तुम्ही ऐकलं असेल. भर दुपारी हिंगणा रोडवर उसळलेलं, आधी बकरीएवढं, वर्षागणिक वाढत म्हशीएवढं झालेलं. मी हँडल असं काही फिरवलं की डुक्कर टाकीला पोचा पाडून निघून गेलं आणि सुरेशचा जीव वाचला, नुसता पाय मोडण्यावर निभावलं. लग्नात, मयतीत, पानठेल्यावर — लोक फर्माईश करून ऐकतात.

डुक्कर नव्हतं.

रस्ता मोकळा होता. मी सुरेशला गोष्ट सांगत होतो — मी पकडलेल्या एका माशाची. तो मासा मी कधी पकडलाच नव्हता. आणि तो केवढा होता हे दाखवायला मी हँडल सोडलं. दोन्ही हात. पुढचं चाक गिट्टीवर गेलं. सुरेश तर केव्हाच झोपला होता. झोपलेल्या माणसाला मी मासा दाखवत होतो.

धंतोलीच्या दवाखान्यात त्यानं विचारलं, काय झालं गा? आणि माझ्या तोंडून डुक्कर निघालं. त्याची बायको कुंदा माझ्या पाया पडली. तेव्हा तरी सांगायला हवं होतं ना? मी तिला उठवलं — आणि डुक्कर आणखी मोठं केलं. सुरेशचं मशीनवर उभं राहायचं काम सुटलं. तो काटोलकडे गावी गेला. कुंदा दर भाऊबीजेला मला ओवाळते. मी कपाळ पुढे करतो.

परवा त्याचा फोन आला. "गाडी नवी करून राहिला म्हणते? टाकीचा पोचा नको काढू बरं, डुकराची निशाणी हाय ते. आन् झाली का इकडं घेऊन ये. मांगं बसतो. दुसऱ्या कोनाच्या मांगं बसाले भेव वाटते मले. तुह्या मांगं नाही वाटत."

तेव्हा सांगता आलं असतं. फोनवर तर तोंडही दिसत नाही. मी पेट्रोलच्या भावावर बोललो. मग म्हणालो, येतो.

काल गाडी वेल्डिंगवाल्याकडे नेली. मागचं डावं पायदान इंचभर वर घ्यायला लावलं. सुरेशचा तो पाय तेवढा आखूड आहे. वेल्डिंगवाला म्हणाला, "असं खाली-वर काहून पाहिजे, काका?"

आणि मी त्याला डुकराची गोष्ट सांगितली. अख्खी. त्यानं काम थांबवून ऐकली.

रविवारी जातोय. सुरेश माझ्या मागे बसेल.