मांडी घालणारी बाई

आईला गुडघ्यांचं ऑपरेशन हवं होतं ते चालण्यासाठी नाही, मांडी घालण्यासाठी. चालणं कसंबसं चालूच होतं. पण पौर्णिमेला चुडाव्याच्या विहारात सगळ्या बायका सतरंजीवर बसायच्या आणि ही मागे, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. भन्तेंच्या आसनापेक्षा आपण उंच बसतो, हे तिच्या जिवाला लागायचं. गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून वंदन करणं तर कधीचंच सुटलं होतं.

अशात बायकांच्या ग्रुपवर शहरातल्या एका दवाखान्याचा व्हिडिओ आला. हिरव्या साडीतली एक बाई हसत हसत खाली मांडी घालून बसते, मागे गाणं, वर अक्षरं: दोन्ही वाट्या बदलल्या, आता सगळं पहिल्यासारखं! आई दिवसभर तोच बघायची. "माझ्याच वयाची हाय. कशी बसायलीय बघ."

आम्ही त्याच दवाखान्यात गेलो. "डॉक्टरसाहेब, मांडी घालता येईल का?" आईने सरळ विचारलं. "मावशी, पळाल तुम्ही!" असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

खरं उत्तर मिळालं ते ऑपरेशन उरकल्यावर, घरी सोडताना. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जमिनीवर तर बसायचंच नाही. आईने नर्सला विचारलं, "मग तुमच्या मोबाईलातली ती बाई?" नर्स म्हणाली, "अहो, एखाद्याला जमतं." माझं डोकंच फिरलं. त्या व्हिडिओत गाण्याला जागा होती, साडीला जागा होती, या 'एखाद्याला' तेवढी नव्हती. मी दवाखान्याच्या फेसबुक पेजवर त्या व्हिडिओखाली तसं लिहिलं. उत्तरादाखल जोडलेले हात आले आणि अपॉइंटमेंटचा नंबर. संध्याकाळी पाहिलं तर माझं लिहिलेलं काढून टाकलं होतं.

आईने नर्सचं ऐकलं नाही. तिचा विश्वास अजून हिरव्या साडीवरच होता. बुद्धपौर्णिमेला ती पांढरी साडी नेसून विहारात गेली आणि मी अडवेपर्यंत सतरंजीवर बसलीसुद्धा. चेहरा असा फुलला होता की मला पुढे बोलवेना. वंदना झाली, सगळ्या उठल्या. हिला उठता येईना. चौघींनी काखेत हात घालून उचललं तेव्हा ती जी ओरडली, त्याने लहान पोरं रडायला लागली.

गुडघा टम्म सुजला. डॉक्टर म्हणाले, सांगितलं होतं ना? हो, सांगितलं होतं. कापून झाल्यावर.

आता ती काठी घेऊन चालते. विहारात आत जात नाही, दारातूनच हात जोडते. मला त्या दवाखान्याचा अजून संताप येतो.

परवा पिंगळीहून मावशी आली. तिचेही गुडघे गेलेत. तिने फोन पुढे केला. तोच व्हिडिओ होता. "अक्का, मी बी करून घेऊ का गं?"

आईने चष्मा लावला, व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला आणि फोन परत दिला.

"बसताना दाखवलंय," ती म्हणाली. "उठताना न्हाई दाखवलं."