मीटरने दाखवलेला पाऊस

भुताखेतांच्या गोष्टी मला कुणी सांगू लागलं की मी सरळ हसते. फोटो स्टुडिओवाल्याची मुलगी मी, अर्धं बालपण डार्करूममध्ये गेलेलं… अंधाराला घाबरून कसं चालेल! पण हे भर दुपारी घडलं, माझ्याच हातून घडलं, आणि आजही सांगताना माझा आवाज चढतो.

कसब्यात आमचा छोटा स्टुडिओ. अब्बांचे डोळे अधू झाले होते आणि दुकान एका झेरॉक्सवाल्याला द्यायचं घाटत होतं. मी हट्टच धरला – मी चालवते!

अब्बा म्हणाले, "लग्नाचे फोटो कुणीही काढतं, बेटा. नदीचा असा एक फोटो आण, की रस्त्यावरचा माणूस शोकेसपाशी थांबेल. एकच रोल देतो. मग बघू."

आठवडाभर मी नव्या पुलावर उभी. ऊन, ढग, भुरभुर… पस्तीस फोटो झाले, पण एकातही जीव नाही. शेवटचा एक उरला त्या दुपारी लख्ख ऊन होतं. धरणातून पाणी सोडलेलं, मुठा दुथडी भरलेली. मी अब्बांचं उजेड मोजायचं जुनं मीटर नदीकडे धरलं. काटा म्हणतोय, काळोख! रस्त्याकडे फिरवलं – बरोबर. पुन्हा नदीकडे… काळोखच!

कठड्याशी एक आजोबा, मिटलेली छत्री काखेत मारून, माझी तारांबळ बघत होते. म्हणाले, "आपण सावकाश काढा हो. नदीला कुठे घाई आहे!"

आता काय करू? अब्बांचा नियम पक्का – मीटर दाखवेल ते वहीत लिहायचं आणि वहीत असेल तेच कॅमेऱ्याला लावायचं. निगेटिव्ह आणि वही शेजारी ठेवून ते तपासत. तशा उन्हात कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाचा शंभरावा भाग उघडला तरी पुष्कळ झालं. मीटर मागत होतं अख्खा अर्धा सेकंद. म्हणजे फोटो पांढराफटक आणि दुकान गेलं! पण खोटं लिहायला हात धजेना. बिस्मिल्ला म्हटलं आणि बटण दाबलं.

संध्याकाळी लाल दिव्यात, अब्बांसमोर, कागद ट्रेमध्ये बुडवला. चित्र हळूहळू उमटलं… आणि मी ओरडलेच! काळेभोर ढग, पावसाच्या तिरप्या रेघा, खाली उसळलेली मुठा. आणि कठड्याशी तेच आजोबा – डोक्यावर छत्री उघडून! उजेड अगदी नेमका.

"अब्बा, तेव्हा थेंबही नव्हता! शपथ!" मी आनंदाने सांगत सुटले.

त्यांनी कागद डोळ्यांपाशी नेला. वही पाहिली. पुन्हा कागद. "वही बरोबर आहे," एवढंच म्हणाले.

मीटर नंतर दुरुस्तीवाल्याने तपासलं, ठणठणीत निघालं. रोल नवा कोरा होता, एकावर एक फोटो पडायचाही प्रश्न नव्हता. हे कसं झालं याचं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही… तुम्हाला सुचलं तर जरूर कळवा.

दुसऱ्या दिवशी फोटो शोकेसमध्ये लागला. अब्बा समोरच्या फुटपाथवर जाऊन उभे राहिले, कोण थांबतंय ते बघत. तासाभराने आत आले आणि झेरॉक्सवाल्याला निरोप धाडला – दुकानात माझी मुलगी बसणार आहे.