सगळ्यांना आवडलेली साइट

कंपनी बंद पडली की टेबल-खुर्च्या जुन्या सामानवाल्याकडे जातात आणि कॉम्प्युटर ज्याचे त्याच्याकडे. किस्से मात्र कुणीच नेत नाही. ते शेवटी बाहेर पडणाऱ्या माणसाकडे साचतात, आणि आमच्या ऑफिसातून शेवटी बाहेर पडले ती मी. कुणाकडे चहाला गेले की एक किस्सा निघतो, त्याच्या मागून दुसरा. ऐकणारे पोट धरून हसतात. मीही हसते, पण मला पुढचं सगळं माहीत असतं.

आधी आम्ही कोण ते सांगते. नवऱ्याच्या बँकेच्या बदलीमुळे मी कोल्हापूरहून लखनौला आले. घरात बसून कंटाळले होते, तेवढ्यात आम्ही राहायचो त्या अलीगंजमध्येच, दोन गल्ल्या सोडून नोकरी मिळाली. त्रिपाठी म्हणून एका गृहस्थांनी ब्लॉगची सेवा सुरू केली होती. तुम्ही फक्त नाव द्यायचं आणि लिहायला बसायचं. जागा आमची, देखभाल आमची, इंटरनेटवर तुमचं स्वतःचं पान तयार. हिंदी, उर्दू, मराठी, वाटेल त्या भाषेत लिहा. मालक त्रिपाठी, प्रोग्रामर अनुराग आणि मदतीच्या फोनवर मी. ऑफिस त्रिपाठींच्या घराच्या पुढच्या खोलीत होतं. मागच्या खोलीत त्यांचे वडील राहायचे. त्यांना आम्ही सगळेच बाबूजी म्हणायचो.

सगळा खटाटोप या बाबूजींसाठी होता. त्रिपाठी नोएडात उत्तम नोकरीला होते. आई गेली आणि बाबूजी एकटे पडले. एकदा ते बाथरूममध्ये घसरले आणि दूधवाला येईपर्यंत तिथेच पडून राहिले. तरी घर सोडून मुलाकडे यायला तयार नाहीत. शेवटी मुलगाच नोकरी सोडून इकडे आला. साइट चालली तर लखनौ, नाही चालली तर परत नोएडा, इतका सरळ मामला होता. तो आम्हा तिघांना ठाऊक होता आणि बाबूजींना तर सगळ्यांत जास्त.

*

सुरुवातीला कॉलनीच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. मोठा पडदा लावला, समोसे मागवले. त्रिपाठींनी पान कसं उघडायचं, फोटो कसा टाकायचा, सगळं जीव तोडून दाखवलं. टाळ्या झाल्या. एका बुजुर्गांनी उभं राहून आशीर्वाद दिले. लखनौचं नाव होणार, असं दोघांनी सांगितलं.

मग त्रिपाठींनी विचारलं, की काही कमी वाटली असेल तर मोकळेपणाने सांगा. हॉलमध्ये अशी शांतता पसरली, की जणू माणसाने भर सभेत काहीतरी अभद्र विचारलंय. शेवटी मागून एक गृहस्थ म्हणाले, "कमी? अरे भाई साहब, समोसे तक गरम थे."

उद्याच पान उघडतो, असं जाताना प्रत्येकाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी लवकर येऊन फोनपाशी बसले. दुपारी फोन वाजला. समोसे कुठून आणले होते, असं विचारत होते.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे मिसळ बिघडली तर माणूस चमचा खाली ठेवून मालकाला हाक मारतो. मी त्रिपाठींना म्हटलं, सर, हे कुणालाही आवडलेलं नाही. ते म्हणाले, "आपको कैसे पता? सब तो तारीफ़ कर रहे हैं."

"उसी से पता है," मी म्हटलं.

त्यांना ते पटलं नाही. लखनौचाच माणूस, पण इतकी वर्षं बाहेर काढून आलेला. त्याला वाटायचं, तारीफ म्हणजे तारीफ.

*

चौक नावाच्या जुन्या बाजारपेठेतले रिझवान साहेब आमचे पहिले खरे गिऱ्हाईक. चिकनकारीच्या भरतकामाचा मोठा व्यापार, तीन पिढ्यांचं दुकान. मी स्वतः जाऊन त्यांचं पान उघडून दिलं. कुर्त्यांचे फोटो टाकले, कुठला टाका कुठला ते त्यांनी तोंडी सांगितलं, मी टाइप केलं. पान खरंच देखणं झालं.

आठवड्याने त्यांचा फोन आला. पान फार उत्तम आहे, बेगमसाहेबांनाही आवडलं, फक्त एक छोटीशी विनंती आहे. समोरच्या दुकानदाराने फोटो बघून तीच बुटी, म्हणजे तीच फुलांची नक्षी, छापायला घेतली होती. म्हणाले, "मैडम, ऐसा कर दीजिए कि सारी दुनिया देखे, बस सामने वाले न देखें."

मी समजावलं, की असं होत नाही. ते म्हणाले, हो हो, अगदी बरोबर, तुमचीही मजबुरी आहे. संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळे फोटो काढून टाकले. पान मात्र ठेवलं, आम्हाला वाईट वाटू नये म्हणून. त्यावर फक्त 'ख़ुशआमदीद', म्हणजे सुस्वागतम, एवढंच लिहिलेलं होतं.

*

मग मी आपल्या लोकांकडे वळले. गणपतीत भेटणारं आमचं मराठी मंडळ. म्हटलं, मराठी माणूस तरी तोंडावर बोलेल. कुलकर्णी काका सरकारी कंपनीतून रिटायर झालेले, हात लिहिता. त्यांनी आपल्या सोलापूरच्या शाळेवर लांबलचक लेख लिहून टाकला.

आरतीनंतर प्रसाद घेता घेता जो तो काकांना गाठत होता. काका, काय लिहिलंय! काका, डोळ्यांत पाणी आलं! काका फुलून गेले. त्यांनी एकाला विचारलं, तुला काय आवडलं? तो म्हणाला, शेवट. दुसऱ्याला विचारलं, तोही म्हणाला, शेवट. एक बाई तर म्हणाल्या, शेवट मी दोनदा वाचला.

काका माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "अगं, शेवट अजून मी टाकलेलाच नाही. अर्धाच लेख आहे तो."

मी त्यांना म्हटलं, उरलेला टाका ना, आता तर लोक वाट बघतील. काकांनी हातातला मोदक संपवला आणि घरी गेले. पुढचा अर्धा लेख कधीच आला नाही. इतकी वर्षं लखनौत काढली की मराठी माणूससुद्धा लखनवी होतो, हे मला तेव्हा कळलं आणि भारी राग आला.

खरं बोलणारी एकच व्यक्ती भेटली, ती माझ्या घरात. माझी मुलगी नववीत. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीतच देते. मी कौतुकाने तिला साइट दाखवली. तिने अंगठ्याने दोनदा वर सरकवलं आणि म्हणाली, "मम्मी, इतना लंबा कौन पढ़ता है?"

हे मी ऑफिसात सांगितलं. अनुराग हसला. त्रिपाठींनी मात्र त्यांच्या पॅडवर ते लिहून घेतलं, आणि त्यांचा तो गंभीर चेहरा बघून मला वाटलं, उगाच सांगितलं.

*

अनुराग हौशी. कुणी पहिल्यांदा काही लिहून बटण दाबलं, की पडद्यावर रंगीत फुगे उडायचे आणि मोठ्या अक्षरांत यायचं, 'बधाई हो! आज का दिन यादगार है!' आम्ही तिघांनी ते बघून टाळ्या वाजवल्या होत्या.

अलीगंजच्याच श्रीवास्तवजींनी पान उघडलं. आम्हाला आनंद झाला. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला, मीच उचलला. आवाज अगदी शांत. म्हणाले, "मैडम, आपने बधाई दी, उसके लिए शुक्रिया. बस, हमने अम्मा की तेरहवीं की सूचना डाली थी."

मी माफी मागायला लागले, तर तेच मला समजावू लागले. नाही नाही, तुमचा काय दोष, मशीन आहे, फुगे सुंदर होते, नातवंडांना आवडले. आणि तेराव्याला जेवायला या म्हणाले.

आम्ही तिघेही गेलो. मान खाली घालून पुरी-भाजी खाल्ली. श्रीवास्तवजींनी प्रत्येक पाहुण्याला त्रिपाठींची ओळख करून दिली, की यांनी फार छान साइट काढलीय. तो माणूस चिडला असता, दोन शब्द बोलला असता, तर मला घास गिळता आला असता. घरी जाताना त्रिपाठी पहिल्यांदाच म्हणाले, की तुम्ही सुरुवातीला म्हणाला होतात ते आता समजायला लागलंय.

*

सगळंच काही असं नव्हतं. एक पान खरंच वाचलं जात होतं. छावणीतल्या क्वार्टरमध्ये राहणारी जयश्री, सांगलीकडची, नवरा फौजेत. ती मराठीत लिहायची. बदली आली की काळ्या पेट्यांवरचं जुनं गाव खरवडून नवं नाव रंगवायचं, आणि जुन्या नावाचं एखादं अक्षर कसं खाली राहूनच जातं. शेजारीण जोडली की तिची बदली कशी ठरलेली. असलं सगळं. पुण्या-नागपुराहून लोक वाचायला यायचे. कौतुक नाही करायचे, प्रश्न विचारायचे, भांडायचे. त्रिपाठी रोज सकाळी आधी तिचं पान उघडायचे. बाबूजी मला समोर बसवून ते हिंदीत सांगायला लावायचे आणि मधेच विचारायचे, की अशी अजून चार माणसं मिळाली तर चालेल ना सगळं? मी म्हणायचे, चालेल की.

एके दिवशी जयश्रीचा फोन आला. नवऱ्याला वरून विचारणा झाली होती. बदली कधी, गाडी कुठली, क्वार्टर कुठे, हे असं उघड्यावर लिहायचं नसतं. तिला ते पटलंही होतं. तिने एवढंच म्हटलं, "ताई, सगळं तुम्हीच काढून टाका. माझ्या हातून होत नाहीये."

मी एकेक लेख उघडून पुसत गेले. ती फोनवर तशीच थांबली होती. मधूनमधून विचारत होती, आता कुठला? मी नाव सांगायचे. शेवटी म्हणाली, "झालं? बरं. तुमचं जेवण व्हायचं असेल." आणि फोन ठेवला.

*

साइट बंद करतोय असं आम्ही सगळ्यांना कळवलं. आणि मग जी गर्दी लोटली, ती उद्घाटनालासुद्धा नव्हती.

लोक भेटायला येऊ लागले, अगदी घरात कुणी गेल्यावर येतात तसे. चप्पल बाहेर काढायचे, हळू आवाजात बोलायचे. काहीजण केळी-संत्री घेऊन आले. फार चांगली होती, म्हणायचे. होती! आम्ही आता लिहायला बसणारच होतो, असं किमान सहा-सात जणांनी सांगितलं. एक बाई डोळे टिपत म्हणाल्या, की आता तर सवय झाली होती. मी नंतर त्यांचं नाव शोधलं. पान उघडलेलंच नव्हतं.

रिझवान साहेब चौकातून स्वतः आले. त्रिपाठींसाठी पांढरा कुर्ता आणला होता, हातकामाचा, बारीक. म्हणाले, आमची दुकानदारी तुमच्यामुळे उजळली. त्रिपाठींनी तो कुर्ता दोन्ही हातांनी घेतला आणि वाकून शुक्रिया म्हटलं. मला तिथे थांबवेना. मी आत जाऊन उगाच पाणी प्यायले.

*

आता हा शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

अनुराग आदल्या आठवड्यातच दुसरीकडे लागला होता. त्रिपाठींची नोएडाची नोकरी पक्की झाली. निघायच्या दिवशी सकाळी ऑफिसच्या किल्ल्या द्यायला मी गेले. माझाही तिथला तो शेवटचा दिवस. बाहेर चारबाग स्टेशनला जाणारी ऑटो उभी होती. बाबूजी दाराशी काठी टेकून उभे. त्रिपाठींनी नोएडाला चला म्हणून अखेरचं विचारून बघितलं, बाबूजींनी हसून मान हलवली. मग त्रिपाठींनी बॅग खाली ठेवली.

"बाबूजी, सच बताइए. अकेले रह लेंगे?"

"अरे, बिल्कुल! बड़े आराम से. तुम निश्चिंत होकर जाओ."

त्रिपाठींनी बाबूजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मग "जी" म्हणाले, पाया पडले, बॅग उचलली आणि ऑटोत बसले. ऑटो वळेपर्यंत बाबूजी हात हलवत होते.

मी किल्ल्या टेबलावर ठेवून निघणार, तर ते म्हणाले, बसा, चहा ठेवलाय. आम्हा सगळ्यांचा सकाळचा चहा नेहमी तेच करायचे, मुलाला हात लावू द्यायचे नाहीत. आतून ट्रे घेऊन आले. ट्रेमध्ये चार कप होते, चारही भरलेले, गेलेल्या दोघांचेसुद्धा. ट्रे रिकाम्या टेबलावर ठेवला आणि कपांकडे बघत उभे राहिले.

"तो मैडम," ते म्हणाले, "कल से एक कप कम बनाएँ?"

"जी बाबूजी," मी म्हटलं, "बस एक कम."