कात्रीच्या तालावर बोलणारे गृहस्थ

आमचा प्रौढ साक्षरतेचा वर्ग ज्या खोलीत भरतो, तिच्याकडे जाणारा जिना एका केशकर्तनालयाच्या आतून वर जातो. त्यामुळे वर्गाला जाणाऱ्या प्रत्येकाला दोन खुर्च्यांच्या मधून, खाली पडलेले केस चुकवीत जावे लागते. मला वेळेआधी पोहोचण्याची सवय आहे. वरची खोली उघडेपर्यंत मी खालच्या बाकावर बसत असे. त्या दुकानाच्या मालकांशी माझा परिचय असा झाला.

त्यांना सर्व जण ‘रेडिओ’ म्हणत. त्यांच्या तोंडाचा पट्टा दुकान उघडताच सुरू होई आणि कुलूप लागेपर्यंत चाले. परंतु त्यांच्या बोलण्याची एक विशेष रीत होती. केस कापताना दोन कापांच्या मध्ये ते कात्री हवेतच चालवीत, आणि त्या आवाजाच्या तालावर त्यांची वाक्ये पुढे सरकत. कात्री जलद चालली की गोष्टीत पळापळ आहे असे समजावे. कात्री सावकाश चालली की कोणीतरी फसणार आहे असे समजावे. त्यांच्या पत्नी मागच्या बाजूस टॉवेल धुऊन वाळत घालीत आणि तिथूनच गोष्टीतल्या चुका दुरुस्त करीत. आम्ही त्यांना वहिनी म्हणत असू.

एका सकाळी ते एका गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावून बोलत होते. “आणि मग त्या माणसाने खिशातून काय काढलं, तर...” एवढे बोलून ते थांबले. बाकावरील आम्ही सर्व कान टवकारून बसलो. ही गोष्ट रंगविण्याची युक्ती आहे असे आम्हाला वाटले.

“अहो, काय काढलं? साबण वाळला माझा,” गिऱ्हाईक म्हणाले.

ते आरशात स्वतःकडे पाहत राहिले. शब्द आला नाही. उरलेली दाढी त्यांनी मुकाट्याने केली.

असे पुन्हा काही वेळा झाले, तेव्हा वहिनींनी निर्णय दिला. “हे बडबड करतात तोवर मी निर्धास्त असते. गप्प बसले म्हणजे आत काहीतरी बिघडलंय. उद्या दवाखाना.”

तपासणीत डोक्याच्या डाव्या बाजूस, मेंदूमध्ये, गाठ आढळली. ती सावकाश वाढणारी होती. परंतु बोलणे आणि उजवा हात ज्या भागातून चालतात, त्या भागाला ती खेटून होती. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर बाईंनी उभयतांना समोर बसवून सर्व समजावून सांगितले. बोलण्याची जागा प्रत्येक माणसाच्या मेंदूत नेमकी एकाच ठिकाणी नसते. म्हणून ती ज्याची त्याच्याच डोक्यात शोधावी लागते, आणि त्यासाठी रोग्याला जागे ठेवावे लागते. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही. डॉक्टर विजेचा अगदी सौम्य स्पर्श एकेका ठिकाणी करतात आणि रोगी बोलत राहतो. ज्या ठिकाणी शब्द अडतो, तिथे आकडा लिहिलेली इवलीशी चिठ्ठी ठेवतात. असा नकाशा तयार झाला की चिठ्ठ्या वगळून गाठ काढायची.

“म्हणजे तुम्ही माझं डोकं उघडणार आणि मी गप्पा मारायच्या?” रेडिओंनी विचारले.

“हो. जितक्या जमतील तितक्या.”

“आमच्या धंद्यात उलटं आहे, बाई. जो डोक्यावर काम करतो तो बोलतो, आणि ज्याचं डोकं आहे तो गप्प बसतो.”

“चला,” वहिनी म्हणाल्या, “यांना बोला म्हणणारं कोणीतरी या जगात निघालं.”

परंतु घरी परतल्यावर दोघांचे मतभेद झाले. डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या की जितकी गाठ निघेल तितके उत्तम. मात्र चिठ्ठीखाली जी राहील ती राहू द्यावी लागेल. वहिनींना गाठ संपूर्ण काढून हवी होती.

“मुके झालात तरी चालेल. माझ्यासमोर असा म्हणजे झालं,” त्या म्हणाल्या.

“तुला चालेल गं. मला कसं चालेल? हात आणि जीभ, दोन्ही असल्याशिवाय मला एक दाढीसुद्धा जमायची नाही.”

“मी बोलेन तुमच्याऐवजी.”

“ते तर तू आत्ताही करतेस.”

यावर वहिनी हसल्या आणि हसता हसता रडल्या. हे त्यांनीच मला सांगितले आहे. अखेर जिथे शब्द अडेल तिथे थांबायचे, असे ठरले.

शस्त्रक्रियेचा प्रसंग मी त्यांच्या तोंडून अनेक वेळा ऐकला. वाणीच्या चाचण्या घेणाऱ्या एक तरुण बाई पुढे केस कापून घ्यायला येत. त्यांनीही तो तसाच सांगितला, म्हणून मी तो खरा मानतो.

प्रथम डोक्याचा एक पट्टा भादरण्यात आला. “वस्तरा आडवा धरू नका, कातडी ओढते,” ही सूचना त्यांनी दिली आणि ती मानली गेली. त्वचा बधिर करून डोके चिमट्यात पक्के केले गेले. चाचणीच्या बाई चादरीच्या आडोशाखाली त्यांच्या समोर बसल्या. आधी चित्रे दाखवायची आणि त्यांनी नाव सांगायचे. नंतर एखादी गोष्ट सांगायची, असा क्रम होता. दवाखान्याच्या खोलीत या सर्वाचा सराव झाला होता आणि तिथे त्यांनी बाईंना हसवून बेजार केले होते.

इथे मात्र पहिल्या चित्रालाच ते अडखळले. दुसऱ्याला फार वेळ लागला. मग त्यांनी गोष्ट सुरू केली. एक गृहस्थ टकलावर केसांचा टोप घालीत. कोणाला संशय येऊ नये म्हणून ते दर महिन्याला टोप घालूनच केस कापायला येत. खुर्चीत बसत आणि हळूच म्हणत, “नेहमीप्रमाणे.” मग रेडिओ त्यांच्या कानाशी हवेतच कात्री चालवीत आणि शेवटी त्यांची मान ब्रशने झटकीत. “एके दिवशी ते...” इतके सांगून गोष्ट थांबली.

“मी अजून वीज लावलेलीच नाही,” डॉक्टर बाई म्हणाल्या.

मग त्या सोबतच्यांना अडचण सांगू लागल्या. वीज न लावताच जर शब्द अडत असतील, तर वीज लावल्यावर अडलेला शब्द कशामुळे अडला हे कळणार कसे? नकाशाच होणार नाही. मग त्यांना भूल देऊन, बोलण्याच्या जागेपासून दूर असलेली थोडीशी गाठ काढून डोके बंद करावे लागले असते. रेडिओंना हे सर्व ऐकू येत होते.

चाचणीच्या बाईंचे लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडे गेले. तो हलू नये म्हणून फळीवर ठेवून, कापडात गुंडाळून, वरून चिकटपट्टी लावली होती. सरावाच्या वेळी हा हात एक क्षणही स्वस्थ नव्हता. अंगठा आणि बोटे एकसारखी उघडत-मिटत होती.

“यांचा हात सोडा,” त्या म्हणाल्या. “हे कात्रीशिवाय बोलत नाहीत.”

हात मोकळा झाला. बोटे हवेत चालू लागली, आणि त्यांच्यामागून वाक्य आले. “एके दिवशी ते उठले, आरशात मागून पुढून पाहिलं आणि मला म्हणाले, ‘आज मागून जरा जास्तच बारीक केलेत हो.’”

हशा ओसरेपर्यंत डॉक्टर बाईंना हत्यार बाजूला ठेवावे लागले. ही गोष्ट रेडिओंनी दुकानात कधीच सांगितली नव्हती, कारण ते गृहस्थ बाकावरच बसलेले असत. आता ते दूर राहायला गेले आहेत, म्हणून मी लिहीत आहे.

त्यानंतर नकाशा तयार झाला. एका ठिकाणी विजेचा स्पर्श होताच “ही...” म्हणून जीभ थबकली, आणि स्पर्श दूर होताच “खुर्ची” हा शब्द बाहेर पडला. तिथे चिठ्ठी. एका ठिकाणी बोटेच थांबली. तिथेही चिठ्ठी. उरलेल्या भागातली गाठ काढण्यात आली. एका चिठ्ठीखाली तिचा लहानसा तुकडा राहिला आहे. वेळोवेळी तपासणी होते आणि तो अद्याप होता तेवढाच आहे. “पोटभाडेकरू ठेवलाय, पण शांत आहे,” असे ते सांगतात. वहिनींना हा विनोद आवडत नाही.

केस पुरते वाढण्याआधीच दुकान उघडले. हात पूर्वीसारखा चालत होता. शब्दही होते, फक्त काही शब्द उशिरा येत. ते हळूहळू सुधारेल, मात्र शब्द स्वतः शोधण्याचा सराव हवा, असे चाचणीच्या बाईंनी बजावले होते. परंतु आम्ही बाकावरील मंडळी अतिशय दयाळू झालो होतो. ते “मी तो काल नवीन...” म्हणाले की चारी बाजूंनी मदत सुरू होई.

“टॉवेल?”

“आरसा?”

“वस्तरा असेल.”

“अहो, नळ, नळ. कालच बसवलाय,” हे मागून वहिनींचे.

शब्द बरोबर निघाला की आम्हाला समाधान वाटे. त्यांचा चेहरा मात्र उतरत जाई, आणि ते दिवसेंदिवस कमी बोलू लागले. शस्त्रक्रियेने जे राखले होते, ते आम्ही आपुलकीने बंद पाडीत होतो, हे आमच्या ध्यानात आले नाही.

एका संध्याकाळी मी खुर्चीत होतो आणि बाक भरलेला होता. ते “माझ्या बहिणीचा तो...” म्हणाले, आणि तिघांनी एकदम तोंड उघडले. रेडिओंनी डावा हात वर केला. उजव्या हातातली कात्री चालूच होती. वहिनीही ओला टॉवेल घेऊन दारात आल्या.

“एक विनंती आहे,” ते म्हणाले. “माझा शब्द अडला की तुम्ही देऊ नका. थोडं थांबा. मी आणतो.”