बापूंचं कॉम्प्युटरातलं शेत

दुकानात जुन्या वायरी आणि किस्से, दोन्ही साठत जातात. फेकायला काढलं की नेमकं कुणीतरी तेच मागायला येतं! महाडच्या एसटी स्टँडजवळ माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. नवीन माल विकतो, दुरुस्ती करतो आणि एका कपाटात लोकांचे वापरलेले गेम विकायला ठेवतो. सगळी भांडणं त्या कपाटापाशी होतात. कपाट मी हलवणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

त्यातला एक ट्रॅक्टरचा गेम कापडे गावच्या बापूंनी विकत नेला. बापू सत्तरीचे. गुडघे गेले, चिखलात उतरणं बंद झालं. गावची भातशेती त्यांचे वडील कूळ म्हणून कसायचे, ‘कसेल त्याची जमीन’ कायद्यात ती त्यांच्या नावावर झाली, आता धाकटा भाऊ बघतो. बापू खिडकीशी बसून कॉम्प्युटरात नांगरायला लागले. एक ना दोन, तीन वर्षं! “पोलादपूर तालुक्यात बीट लावलंय कुणी? मी लावलंय!” असं एसटीत लोकांना सांगायचे.

मग त्यांच्या मशीनचा मदरबोर्ड जळला. मी बदलून दिला. गेमला वाटलं, मशीनच नवीन! पहिल्या मालकाचा पासवर्ड टाका म्हणाला. पहिला मालक एमआयडीसीतला इंजिनिअर. तो बदली होऊन गेला, फोन बंद. बापूंचं शेत कुलुपात अडकलं.

*

बापूंनी माझ्या दुकानातून हेल्पलाइनला फोन लावला. वीस मिनिटं गाणं वाजलं, आमचा चहा झाला, मग एक मुलगी लाइनवर आली.

“सर, गेम ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच फोन द्या.”

“गो बाय, तो गेला गाव सोडून. त्याचं घेतलं ना मी.”

“सर, हे दुसऱ्याच्या नावावर होत नाही.”

“आनि मानूस मेला तर?”

“तरीही नाही, सर.”

बापूंनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. “यांच्यात वारस लावतच नायत रे! असला कसला तलाठी?”

*

शेजारच्या गाळ्यात मोबाइल दुरुस्त करणारा नितीन हे ऐकत होता. मदत करायला धावला. “बापू, क्रॅक टाकून कुलूप तोडतो! पाच मिनिटांत फुकटात चालू!”

बापू काठी आपटून उठले. “फुकट कशाला? रोख मोजलेत मी! सोताच्या शेतात चोरावानी कुंपणावरनं उडी मारू?”

नितीन दोन दिवस दुकानात फिरकला नाही. खरं सांगतो, मला त्या म्हाताऱ्याचा फार अभिमान वाटला.

*

बापूंची हकिकत ऐकून वरंधचे एक निवृत्त गुरुजी सावध झाले. त्यांनी नवीन सॉफ्टवेअर घेतलं आणि माझ्यासमोरच सीडी घातली. अटींचं पान आलं. आपण सगळे न वाचता ‘मान्य’ दाबतो. गुरुजींनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसले! मी जेवून आलो तरी गुरुजी वाचतच होते. शेवटी त्यांनी ठामपणे ‘अमान्य’ दाबलं.

“घ्या परत.”

“गुरुजी, उघडलेलं पाकीट कंपनी परत घेत नाही.”

“अटी पाकिटाच्या आत ठेवल्यात. न उघडता काय वास घेऊन वाचू?”

मी पैसे मोजून दिले. पाकीट परत घेतलं, अजून पडून आहे.

*

पनवेलहून महिन्याला डिस्ट्रिब्युटरचा माणूस येतो, साळुंखे. तेव्हा आला तोच कपाटावर घसरला. “जुने गेम विकणं बंद करा! नाहीतर नवीन माल मिळणार नाही.”

माझं डोकं फिरलं. “साहेब, बाहेर लावलीय ती बाइक कुठून घेतली?”

“मेव्हण्याकडून.”

“म्हणजे जुनीच! मेव्हण्याच्या पासवर्डने चालू होते का?”

“बाइकचं वेगळं असतं.”

“वेगळं म्हणजे कसं?”

साळुंखे बाइकची किल्ली शोधत म्हणाला, “पुढच्या महिन्यात येतो.”

*

पुढच्या महिन्यात तो आला तेव्हा बापू स्टुलावर बसलेले होते, त्याचीच वाट बघत. साळुंखेने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे समजावलं, “आजोबा, गेम तुम्ही विकत घेतलेलाच नाही. कुणीच घेत नाही. मालक कंपनी. आपल्याला फक्त वापरायची परवानगी.”

बापू सावरून बसले. “म्हंजे शेत मालकाचं, कसनारा मी?”

“तसंच समजा.”

“मालक कदी नांगराया आला होता?”

“कंपनी कशाला येईल?”

“तीन वर्सं सलग मीच कसतोय, ह्ये तुमाला ठाव हाय?”

“आहे ना! सर्व्हरवर रोजची नोंद असते.”

“मग येवढंच लिवून द्या. मी परत भांडाया येनार नाय.”

साळुंखेला हायसं वाटलं. त्याने लेटरहेड काढलं आणि झरझर लिहिलं: मालकी कंपनीची, वापर तीन वर्षं सलग यांचा. खाली सही केली. बॅगेत शिक्का होता, तोही मारला.

बापूंनी कागद दोनदा वाचला. घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला, काठी घेतली आणि मला विचारलं, “तहसीलदार आज बसलेत ना रे?”

“बसलेत. पण बापू, तिकडे कशाला?”

बापूंनी खिशावर हात ठेवला. “माज्या बापाकडं तर येवढापन कागद नव्हता!”