वीतभर दगड

पूर्णा तालुक्यातल्या एका वितरिकेवर, म्हणजे मोठ्या कालव्याच्या फाट्यावर, मी माझं पहिलं ध्वनिलहरींचं मीटर बसवलं, तेव्हा माझ्या डोक्यात हवा जरा जास्तच होती. पाण्यात बुडवलेलं ते डबडं आवाज सोडतं, पाण्यातल्या कणांवर आपटून परत आलेला आवाज ऐकतं आणि पाणी किती खोल, किती वेगानं चाललंय ते सांगतं. लॅपटॉपवर आलेख उमटला की तो मीच काढल्यासारखं मला वाटायचं.

तिथं सगळे ज्यांना मामा म्हणत, ते पाटकरी होते. गेट उघडायचं, पाणी सोडायचं आणि किती सोडलं ते वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, खांद्यावर गेटची लांब चावी. खुणेच्या दोन दगडांमध्ये ते ज्वारीच्या धाटाचा तुकडा सोडत आणि तो पोचेपर्यंत ‘नमः शिवाय’ किती वेळा झालं ते मोजत. मग पट्टीवरची खोली बघून आकडा सांगत. मला हसू आवरेना. ते म्हणाले, “म्याडम, घड्याळाचा सेल संपतोय. ह्याचा संपत न्हाई.”

मीटर बसवताना त्यांनीच तळाशी एक चपटा दगड घट्ट रोवला आणि डबडं त्यावर ठेवायला लावलं. “गाळात गाडलं तर बहिरं व्हईल वो.” त्यांचं ऐकून मी ते दगडावर बसवलं. मग काठावर बसून कालव्याची रुंदी, उतार, आकार असे सगळे रकाने कार्यालयातल्या नकाशावरून भरून टाकले.

पाणी सोडण्याच्या पहिल्या पाळीचे आकडे काढले, तर मीटरचं पाणी मामांच्या वहीपेक्षा बरंच कमी. टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यांची बैठक होती. त्यांना पाणी पुरत नव्हतं. मी शहाणी, सगळ्यांसमोर दोन्ही आकडे वाचून दाखवले. मागून कुणीतरी ओरडलं, “म्हंजे वहीत लिवायचं एक आन् सोडायचं एक! आमचं पानी वरच्यावरच इकायलाय काय?” मामांची निवृत्ती त्या हंगामाच्या शेवटी होती. सगळी हयात त्यांनी त्याच पाटावर काढलेली. ते चपला घालून निघून गेले आणि मी त्यांना जाऊ दिलं. त्याची लाज मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे गेटवर हजर होते. मी लॅपटॉप उघडला, तसं ते शेजारी उकिडवे बसले.

“म्याडम, एक इचारू? हे डबडं खोली कुठून मोजायलंय? तळापासून का दगडापासून?”

मी रकाने पुन्हा उघडले. सगळ्यात खाली एक होता, ‘सेन्सरची तळापासून उंची’. त्यात शून्य. नकाशात तो दगड नव्हताच. मामांनी बाही सरसावून पाण्यात हात घातला आणि दगडाला वीत लावली. पुरी एक वीत. ती उंची भरली आणि मीटरचा आकडा चढत चढत वहीच्या आकड्याजवळ येऊन थांबला. मला रडू फुटलं. मामा म्हणाले, “रडायलाव कशाला? दुरुस्त झालं की.”

पुढच्या बैठकीत मी उभी राहिले आणि चूक माझी होती असं मोठ्यानं सांगितलं. मग वितरिका चालून पाहिली, तेव्हा पाणी वाटेतल्या भगदाडांत मुरत होतं हेही कळलं. मामा त्या बैठकीला आले नाहीत. मी त्यांच्या घरी गेले, तर बायकोला चहा ठेवायला सांगून त्यांनी एवढंच विचारलं, “दगड हलवला न्हाई ना कुनी?”

मामा आता नाहीत. पाथरीकडं, पालमकडं मी कितीतरी मीटरं बसवली. त्या शेवटच्या रकान्याशी आलं की मी आधी बाही सरसावते आणि पाण्यात हात घालते. मग पहिला आकडा येईपर्यंत माझे ओठ आपोआप हलत राहतात. मी देवबिव मानत नाही. पण किती वेळा झालं, ते मोजते.